ध्रुवांवरचा समुद्री बर्फ उपग्रह कसा मोजतात? आणि ही मोजणी २०२५ मध्ये बंद पडता पडता कशी वाचली?

२५ जून २०२५. अमेरिकेच्या 'नोआ' या महासागर आणि वातावरणविषयक सरकारी संस्थेने एक छोटीशी सूचना काढली. लष्कराच्या हवामान उपग्रहांवरून येणारा मायक्रोवेव्ह डेटा ३० जूननंतर मिळणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे मुदत होती अवघी पाच दिवसांची.

आपल्याकडे ही बातमी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. पण चक्रीवादळांचा अंदाज बांधणारे आणि ध्रुवीय बर्फाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मात्र हादरले. 'आर्क्टिकमधला बर्फ एवढा कमी झाला' अशी बातमी आपण दरवर्षी वाचतो. त्या बातमीमागच्या आलेखावरचा रोजचा ठिपका याच उपग्रहांच्या डेटावरून पडत होता. १९७८ च्या अखेरीस सुरू झालेली ही मोजणी मानवाने पृथ्वीच्या हवामानाबद्दल ठेवलेल्या सर्वांत लांब उपग्रह-नोंदींपैकी एक आहे.

मुळात हजारो किलोमीटर दूरचा, वर्षातले काही महिने गडद अंधारात असलेला बर्फ अवकाशातून मोजतात तरी कसा? त्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा? आणि पाच दिवसांच्या नोटिशीने एवढं काय बिघडणार होतं? एकेक करून पाहू.

समुद्री बर्फ म्हणजे नेमका कोणता बर्फ?

ध्रुवावरचा बर्फ म्हटलं की आपण सगळं एकाच टोपलीत टाकतो. प्रत्यक्षात त्याचे दोन वेगळे प्रकार आहेत.

पहिला जमिनीवरचा बर्फ. हजारो वर्षांच्या हिमवृष्टीने साचलेला. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावर त्याचे काही किलोमीटर जाडीचे थर आहेत. त्याचे कडे तुटून समुद्रात पडले की हिमनग तयार होतात. हा बर्फ वितळून समुद्रात आला तर समुद्राची पातळी वाढते.

दुसरा समुद्री बर्फ. हा समुद्राचं पाणीच गोठून तयार होतो. खारं पाणी शून्याला गोठत नाही, साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठतं. या बर्फाची जाडी सहसा एक ते काही मीटर असते. हिवाळ्यात तो पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो. तो आधीच पाण्यावर तरंगत असल्यामुळे वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, जसं ग्लासातल्या सरबतातला बर्फ वितळला म्हणून ग्लास ओसंडत नाही.

मग त्याची एवढी चिंता कशाला? कारण हा बर्फ म्हणजे पृथ्वीवर घातलेली पांढरी चादर आहे. ताजा हिम पडलेला समुद्री बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो. त्याच जागी उघडं, गडद पाणी असेल तर ते ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा शोषून घेतं. म्हणजे बर्फ गेला की पाणी तापतं, पाणी तापलं की आणखी बर्फ जातो. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतोय, त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे.

सरळ फोटो काढून का मोजत नाहीत?

कारण दोन अडथळे आहेत: अंधार आणि ढग.

ध्रुवीय प्रदेशात हिवाळ्यात कित्येक आठवडे, ध्रुवाजवळ तर महिनोन्‌महिने सूर्य उगवतच नाही. साध्या कॅमेऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात प्रकाश असतो, पण तेव्हा आर्क्टिकवर ढगांचं दाट आच्छादन असतं. वरून पाहिलं तर पांढरे ढग कुठले आणि पांढरा बर्फ कुठला, हे ओळखणंही कठीण. रोजच्या रोज, पूर्ण प्रदेशाची मोजणी करायची तर फोटो पुरत नाही.

मग उपग्रहाला काय दिसतं?

अंधारात चुलीवरच्या तव्याजवळ हात नेऊन बघा. तवा दिसत नाही, पण आच लागते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सतत ऊर्जा बाहेर टाकत असते. बर्फाइतकी थंड वस्तूसुद्धा! या ऊर्जेचा एक छोटासा भाग मायक्रोवेव्ह लहरींच्या रूपात असतो. या लहरी ढगांमधून बऱ्यापैकी आरपार येतात आणि त्यांना सूर्यप्रकाशाची गरज नसते.

उपग्रहावरचा 'मायक्रोवेव्ह रेडिओमीटर' या लहरी टिपतो. घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन लहरी सोडतो. हे यंत्र स्वतः काहीही सोडत नाही, फक्त खालून येणारी क्षीण ऊर्जा मोजतं.

आता गंमत बघा. हिवाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग उणे ३० अंशांवर असू शकतो आणि शेजारच्या भेगेतलं पाणी उणे १.८ वर. म्हणजे पाणी जास्त गरम. तरीही मायक्रोवेव्हमध्ये बर्फ 'उजळ' दिसतो आणि पाणी 'गडद'. कारण बर्फ ही ऊर्जा बाहेर टाकण्यात फार तरबेज आहे, पाणी नाही. पाणी काही प्रमाणात आरशासारखं वागतं आणि वरच्या थंड आकाशाचंच प्रतिबिंब दाखवतं. उजळ आणि गडद यांतला हा मोठा फरक हाच सगळ्या मोजणीचा पाया आहे.

दुधात पाणी किती?

पण समुद्र काही बुद्धिबळाच्या पटासारखा नसतो, एक घर बर्फाचं आणि एक पाण्याचं. बर्फाचे तुकडे, भेगा, मधूनमधून उघडं पाणी अशी सगळी सरमिसळ असते. आणि उपग्रहाची नजर तशी जाड आहे. या मोजणीत नकाशाचे साधारण २५ किलोमीटर बाजू असलेले चौकोन पाडतात. एका चौकोनाचं क्षेत्रफळ ६२५ चौरस किलोमीटर. त्या पूर्ण चौकोनासाठी एकच वाचन मिळतं.

इथे डेअरीवरची युक्ती कामाला येते. निव्वळ दुधाचं वाचन माहीत आहे, निव्वळ पाण्याचं वाचन माहीत आहे, तर समोरच्या कॅनमधलं वाचन त्या दोघांच्या मध्ये कुठे पडतं यावरून भेसळ किती हे काढता येतं. तसंच इथे शंभर टक्के बर्फाचा आणि शंभर टक्के उघड्या पाण्याचा संकेत आधी ठरवलेला असतो. चौकोनाचं वाचन या दोन टोकांमध्ये कुठे आहे, यावरून त्यात किती टक्के बर्फ आहे हे गणित सांगतं.

एकाच लहरीवर विसंबून राहिलं तर फसगत होऊ शकते. वाऱ्याने खवळलेलं पाणी किंवा हवेतलं बाष्पही संकेत बदलतं. म्हणून प्रामुख्याने १९ आणि ३७ गिगाहर्ट्झ या दोन वारंवारिता आणि लहरींच्या उभ्या-आडव्या कंपनांमधला फरक असं सगळं एकत्र ताडून बघतात.

१५ टक्क्यांचा नियम काय आहे?

बातम्यांमध्ये येणारा आकडा बहुतेक वेळा बर्फाच्या 'विस्ताराचा' असतो, क्षेत्रफळाचा नाही. हा फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे.

समजा, तलाठ्याने असं ठरवलं की एखाद्या गटात १५ टक्के जरी पेरा झाला असेल तरी तो पूर्ण गट पेरणीखाली धरायचा. त्यापेक्षा कमी असेल तर शून्य. अशी बेरीज केली तर तो झाला 'विस्तार'. आणि प्रत्येक गटात प्रत्यक्ष जेवढा पेरा झाला तेवढाच मोजला तर ते झालं 'क्षेत्रफळ'. साहजिकच विस्ताराचा आकडा नेहमी मोठा येतो.

मग अचूक क्षेत्रफळ सोडून ढोबळ विस्तार का वापरतात? कारण उन्हाळ्यात बर्फाच्या वरच वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपग्रहाला वरून पाणी दिसतं आणि त्याला वाटतं इथे बर्फच नाही. खाली मात्र दोन मीटर जाड बर्फ असतो! त्यामुळे क्षेत्रफळाचा आकडा खोटा कमी येतो. विस्ताराच्या पद्धतीत चौकोनात ९० टक्के बर्फ दिसला काय किंवा ६० टक्के दिसला काय, चौकोन मोजला जातोच. म्हणून वर्षानुवर्षांच्या तुलनेसाठी विस्तार जास्त भरवशाचा.

या मोजणीत चुका होतात का?

होतात. आणि त्या लपवल्या जात नाहीत.

किनाऱ्यावरच्या चौकोनात जमीनही येते. जमिनीचा संकेत बर्फासारखा असल्यामुळे नसलेला बर्फ दिसू शकतो. तो गाळून काढावा लागतो. उत्तर ध्रुवाच्या अगदी माथ्यावरून हे उपग्रह जातच नाहीत, त्यामुळे नकाशाच्या मध्यभागी एक गोल रिकामा राहतो. तिथे बर्फ आहे असं गृहीत धरलं जातं. सुरुवातीच्या उपग्रहाच्या वेळी हा गोल जवळपास १२ लाख चौरस किलोमीटरचा होता. नव्या उपग्रहांमुळे तो ३० हजार चौरस किलोमीटरहूनही लहान झाला.

कधीकधी यंत्रच दगा देतं. फेब्रुवारी २००९ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथल्या 'नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर'च्या रोजच्या नकाशात विचित्र गोष्ट दिसली. जिथे भर हिवाळ्यात बर्फ असायलाच हवा तिथे पाणी दिसत होतं. काही वाचकांच्याही ते लक्षात आलं. तपासणी केली तेव्हा कळलं की उपग्रहाचा सेन्सर जानेवारीपासून हळूहळू भरकटत होता. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आर्क्टिकचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरने कमी दाखवला गेला होता. केंद्राने चूक जाहीर केली, दुसऱ्या उपग्रहाचा डेटा घेतला आणि आलेख दुरुस्त केला.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की चूक पकडता आली, कारण ताडून बघायला दुसरा उपग्रह आकाशात होता.

सत्तेचाळीस वर्षांची रिले शर्यत

एक उपग्रह काही पन्नास वर्षं चालत नाही. त्यामुळे ही नोंद म्हणजे रिले शर्यत आहे. एका उपग्रहाने दुसऱ्याच्या हातात बॅटन द्यायचा आणि दोघांनी काही काळ सोबत धावायचं.

डिसेंबर १९७२ मध्ये 'नासा'चा निंबस-५ उपग्रह गेला. त्याच्यावर एकाच वारंवारितेचा रेडिओमीटर होता. तरीही त्याने थक्क करणारी गोष्ट दाखवली. १९७४ ते १९७६ या सलग तीन हिवाळ्यांत अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात बर्फाच्या मधोमध उघड्या पाण्याचं प्रचंड भगदाड पडलं होतं. आकार सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडंच लहान! उपग्रह नसता तर भर हिवाळ्यात, अंधारात, जगाच्या त्या टोकाला असं काही घडतंय हे कुणाला कळलंही नसतं.

ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ गेला आणि सलग, तुलना करता येईल अशी नोंद सुरू झाली. १९८७ पासून हे काम अमेरिकी लष्कराच्या 'डीएमएसपी' मालिकेतल्या हवामान उपग्रहांकडे आलं. निंबस-७ एक दिवसाआड मोजायचा, आता रोज मोजणी होऊ लागली.

बॅटन देताना सोबत धावणं का गरजेचं? घरातला जुना वजनकाटा बदलून नवा आणला, तर दोन्हींवर एकाच दिवशी उभं राहून बघावं लागतं. नाहीतर महिन्याने दिसणारा दोन किलोंचा फरक तुमच्यातला की काट्यातला, हे कसं कळणार? उपग्रहांचंही तेच.

हे नुसतं सैद्धांतिक नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ आर्क्टिकसारखा कमी का होत नाही, उलट किंचित वाढतोय कसा, हे कोडं शास्त्रज्ञांना अनेक वर्षं पडलं होतं. २०१४ मध्ये इयन आयझेनमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, एका प्रसिद्ध डेटासंचाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत या वाढीचा वेग बराच वेगळा दिसतो आणि या फरकाचं मूळ डिसेंबर १९९१ मधल्या उपग्रह-बदलाची सांधेजोड कशी केली यात आहे. दोन यंत्रांमधला एक सांधा, आणि एका अख्ख्या खंडाभोवतीच्या बर्फाबद्दलचा निष्कर्ष हलला!

बॅटन निसटण्याचे प्रसंगही आले. जपानचा 'एएमएसआर-ई' हा रेडिओमीटर 'नासा'च्या ॲक्वा उपग्रहावर होता. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याची फिरणारी अँटेना थांबली. त्याचा वारसदार 'एएमएसआर-२' मे २०१२ मध्ये गेला. मधले महिने त्या मालिकेत रिकामेच आहेत.

२०१६ हे वर्ष तर आणखी वाईट ठरलं. डीएमएसपी मालिकेतला सर्वांत नवा उपग्रह एफ-१९ अवकाशात दोन वर्षंही झाली नव्हती, तोच फेब्रुवारीत त्याच्यावरचं नियंत्रण गेलं. एप्रिलमध्ये रोजच्या मोजणीसाठी वापरात असलेल्या एफ-१७ चा एक महत्त्वाचा चॅनल बिघडला. शेवटचा एफ-२० तयार होऊन गोदामात पडून होता, पण अमेरिकी संसदेने त्याचा निधी थांबवला आणि तो कधी उडालाच नाही, मोडीत निघाला. शेवटी मोजणी २००९ सालच्या एफ-१८ वर हलवून वेळ निभावली.

जाडी कशी मोजतात?

विस्तार सांगतो की बर्फ किती पसरला आहे. तो पातळ आहे की जाड, हे सांगत नाही. साईवर आणि आइसक्रीमच्या विटेवर वरून नजर टाकली तर दोन्ही पांढरीच.

जाडीची सर्वांत जुनी मोजमापं पाणबुड्यांची आहेत. शीतयुद्धाच्या काळात बर्फाखालून फिरणाऱ्या अमेरिकी पाणबुड्या सोनारने डोक्यावरचा बर्फ मोजत. त्या नोंदी आणि नंतरचा उपग्रह डेटा जोडल्यावर असं दिसलं की आर्क्टिकच्या मध्यवर्ती भागात हिवाळ्याच्या शेवटची सरासरी जाडी १९८० मध्ये ३.६ मीटरच्या आसपास होती, ती २००८ पर्यंत १.९ मीटरवर आली.

आज हे काम मुख्यतः दोन उपग्रह करतात. युरोपचा क्रायोसॅट-२ रडार वापरतो, तर 'नासा'चा आइससॅट-२ लेझर. क्रायोसॅटच्या पहिल्या आवृत्तीची कहाणी करुण आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये उड्डाण फसलं आणि जो आर्क्टिक महासागर मोजायला तो निघाला होता, त्यातच कोसळला. मग नवा बांधून एप्रिल २०१० मध्ये पाठवला.

पद्धत ऐकायला सोपी आहे. तरंगणाऱ्या बर्फाचा साधारण एक दशांश भाग पाण्याच्या वर असतो. उपग्रह खाली संकेत सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. बर्फाच्या माथ्यावरून परतलेला संकेत आणि शेजारच्या भेगेतल्या पाण्यावरून परतलेला संकेत यांतल्या फरकावरून बर्फ पाण्याच्या किती वर आहे ते कळतं. त्यावरून पूर्ण जाडी काढायची.

अडचणही इथेच आहे. दोन मीटर जाड बर्फ पाण्याच्या वर जेमतेम २० सेंटिमीटर असतो. आणि हे ७०० किलोमीटर उंचीवरून मोजायचं! वरच्या मोजमापात एका सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत ती सुमारे दहा सेंटिमीटरची होते. त्यात बर्फावर साचलेल्या हिमाच्या वजनाने बर्फ खाली दबतो. लेझर हिमाच्या वरच्या थरावरून परततो, रडार बरंचसं हिमातून आत शिरतं. म्हणून २०२० मध्ये क्रायोसॅट-२ ची कक्षा थोडी उचलून तो ठरावीक वेळी आइससॅट-२ च्या मार्गावरून जाईल अशी व्यवस्था केली. दोघांच्या फरकातून हिमाचा थर मोजता यावा हा हेतू. आणि उन्हाळ्यातल्या डबक्यांमुळे कित्येक वर्षं क्रायोसॅटवरून फक्त हिवाळ्यातली जाडी मिळायची. २०२२ मध्ये संगणकाला भेगा आणि डबकी वेगळी ओळखायला शिकवून बारमाही जाडीची पहिली नोंद तयार झाली.

एवढं मोजून काय दिसलं?

आधी आर्क्टिक. तिथे हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये बर्फ सर्वांत जास्त पसरतो, साधारण दीड कोटी चौरस किलोमीटर. सप्टेंबरमध्ये तो सर्वांत कमी असतो. १९८१ ते २०१० या काळातली सप्टेंबरची सरासरी सुमारे ६४ लाख होती. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये विस्तार सुमारे ३४ लाखांवर उतरला, म्हणजे जेमतेम भारताच्या क्षेत्रफळाएवढा. हा नीचांक अजून मोडलेला नाही.

मग बर्फ सावरला का? २०१३ मध्ये सप्टेंबरचा आकडा ५० लाखांच्या आसपास गेला, म्हणजे वर्षभरात जवळपास दीडपट! तेव्हा 'बर्फ वाढला, तापमानवाढ थोतांड' अशा मथळ्यांना ऊत आला होता. पण एका वर्षावरून कल ठरत नाही. २०२५ चा सप्टेंबर नीचांक ४६ लाखांचा होता, म्हणजे विक्रमी नव्हता. तरीही २००७ ते २०२५ ही सलग १९ वर्षं संपूर्ण उपग्रह-नोंदीतल्या सर्वांत कमी बर्फाची १९ वर्षं आहेत. आणि मार्च २०२५ मध्ये हिवाळी विस्तार १ कोटी ४३ लाखांच्या आसपास थांबला. हिवाळ्यातला तो तोवरचा नीचांक होता.

अंटार्क्टिकाने मात्र सगळ्यांनाच चकवलं. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथला बर्फ पहिल्यांदाच दोन कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे गेला. दोन वर्षांतच तो घसरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाखांच्या खाली, हा नीचांक. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, भर हिवाळ्यात, तो १ कोटी ७० लाखांच्या आतच थांबला. आधीच्या सर्वांत कमी हिवाळी विस्तारापेक्षाही सुमारे १० लाखांनी कमी!

आकड्यांमागे जीवही आहेत. एम्परर पेंग्विन समुद्री बर्फावर पिल्लं वाढवतात. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउसन समुद्रातला बर्फ पिल्लांना पोहण्याजोगी पिसं फुटण्याआधीच तुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू जगलं नसावं, असं शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून सांगितलं.

भारताचा यात काय संबंध?

बराच आहे. भारताचं ध्रुवीय संशोधन गोव्यातल्या वास्को इथल्या 'राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रा'तून चालतं. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं आहेत, तर आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला हिमाद्री. तिथे सामान घेऊन जाणाऱ्या जहाजाला वाटेत समुद्री बर्फ किती आहे, हे माहीत असणं म्हणजे अक्षरशः मार्ग ठरवणं.

पावसाशीही धागा जुळतोय. आर्क्टिकच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि भारतात मोसमाच्या अखेरीस, सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो, असं गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं. हा शेवटचा शब्द नाही, संशोधन सुरू आहे. पण ते करायला आधी बर्फाची सलग नोंद हवी.

मोजणीतही आपला हातभार आहे. 'इस्रो' आणि फ्रान्सने २०१३ मध्ये सोडलेल्या 'सरल' उपग्रहावरचा अल्टिका हा रडार उंचीमापक समुद्री बर्फाच्या अभ्यासातही वापरला गेला. आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' हा 'नासा' आणि 'इस्रो'चा रडार उपग्रह ज्या गोष्टींवर नजर ठेवणार आहे, त्यात समुद्री बर्फही आहे. रडारची नजर रेडिओमीटरपेक्षा कितीतरी बारीक असते. पण सत्तेचाळीस वर्षांची रोजची, पूर्ण ध्रुवाची नोंद त्याच्याकडे नाही. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

मग २०२५ मध्ये पुढे काय झालं?

जगभरातून ओरड झाल्यावर ३० जूनची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली. जुलैच्या अखेरीस लष्कराने सांगितलं की डेटा सप्टेंबर २०२६ पर्यंत मिळत राहील.

दरम्यान, बोल्डरच्या केंद्राने आपली रोजची मोजणी जपानच्या एएमएसआर-२ वर हलवली. तांत्रिकदृष्ट्या हे यंत्र सरस आहे. त्याची अँटेना दोन मीटर व्यासाची आहे, जुन्या उपग्रहांची साधारण ६० सेंटिमीटरची. म्हणजे नजर जास्त बारीक. पण तेही पाच वर्षांच्या हिशेबाने बांधलेलं आणि २०१२ पासून राबत असलेलं. दिलासा एवढाच की त्याचा वारसदार एएमएसआर-३ हा २९ जून २०२५ रोजी, नेमका त्याच धावपळीच्या आठवड्यात, जपानच्या तानेगाशिमा बेटावरून अवकाशात गेला. युरोपचा 'सीआयएमआर' उपग्रह या दशकाच्या अखेरीस पाठवण्याची योजना आहे.

म्हणजे मोजणी थांबली नाही. पण ती वाचली ती दुसऱ्या देशाचा उपग्रह वेळेवर हाताशी होता म्हणून, आणि दोन्ही यंत्रं बारा-तेरा वर्षं सोबत मोजत होती म्हणून. वजनकाटे आधीच जुळवलेले होते.

पुढची बातमी वाचताना

दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये समुद्री बर्फाची बातमी येईलच. तेव्हा तीन प्रश्न विचारा:

- आकडा विस्ताराचा आहे, क्षेत्रफळाचा की जाडीचा? तिन्ही एकमेकांशी ताडता येत नाहीत.
- तुलना कशाशी आहे? गेल्या वर्षाशी की तीस वर्षांच्या सरासरीशी? गेल्या वर्षाशी असेल तर थोडं थांबा.
- बातमी आर्क्टिकची आहे की अंटार्क्टिकाची? एकाचा आकडा दुसऱ्यावर पांघरू नका.

आणि तो आलेख कधी जवळून बघायला मिळाला, तर डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळावर बोट ठेवा. ३ डिसेंबरपासून साधारण सहा आठवडे तिथे ठिपकेच नाहीत. यंत्राच्या अडचणीमुळे डेटा मिळाला नव्हता. त्यानंतर कितीतरी चांगले उपग्रह गेले. पण त्या सहा आठवड्यांत ध्रुवांवर नेमका किती बर्फ होता, हे त्यांतला एकही सांगू शकत नाही. हुकलेला दिवस नंतर मोजता येत नाही.